मातोश्रींची रवानगी का लांबली

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी, त्यांच्या मावसबहिणीच्या नवऱ्याने दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार पोहोचावा. (उजवा हात मनगटापाशी अजून पुरता वळत नाही, म्हणून नमस्कार थोडा तिरका वाटला तर तो अनादर समजू नये. कारण पुढे ओघाने येईलच.)

आधी खुशाली. तुमची बहीण ठणठणीत आहे. दिवसभर माझ्या तब्येतीची काळजी बोलून दाखवून ती स्वतःची तब्येत राखते. मीही हात सोडला तर उत्तम आहे. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या मावशी, यांचं तर विचारूच नका. परवा जिना चढून धावत त्या मला काहीतरी सांगायला आल्या आणि दम मला लागला. तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींची पाठ आता वाकते का, की वाकलेली सरळ होत नाही हीच तक्रार अजून चालू आहे? तुमची लेक उंचीत तुम्हाला मागे टाकणार असं ऐकलं. तिला आमचा आशीर्वाद सांगा, आणि ती मोबाइलमधून मान वर काढेल तेव्हाच सांगा, म्हणजे वाया जाणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. (मी मुद्द्यावर येतो म्हटलं की तुमची बहीण चहा ठेवायला उठते, पण तुम्ही धीर धरा.) तुम्ही आईसाठी खोली रंगवून घेतलीत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलात, तिकीट काढून पाठवलंत, आणि त्यांना गाडीत बसवून देण्याचं काम विश्वासाने माझ्यावर सोपवलंत. गेल्या हिवाळ्यात त्या नदीच्या पायऱ्यांवर घसरल्या तेव्हापासून तुमच्या जिवाला घोर लागला आहे, हे मी जाणतो. पडल्यापासून त्या आमच्याकडेच खालच्या खोलीत राहतात, तरी आई ती आई आणि मुलाचा जीव तो मुलाचा जीव. त्यांनीही यायचं कबूल केलं होतं, आणि मावशी शब्दाच्या किती पक्क्या आहेत हे मी तुम्हाला काय सांगावं. असं असूनही पहिली गाडी त्यांच्याशिवाय गेली, दुसरीही गेली, आणि दोन्ही वेळा ‘एक बारीकशी अडचण आहे’ एवढं पुटपुटून मी फोन ठेवला. सविस्तर खुलासा फोनवर होण्यातला नाही, कारण आमचा फोन मावशींच्या खुर्चीशेजारी असतो आणि त्यांच्या कानांना वय झालेलं नाही. म्हणून हे पत्र. ते वाचून होईपर्यंत माझ्याबद्दल काही मत करून घेऊ नये, एवढी विनंती.

तुम्हाला आमची कार्यशाळा माहीत नाही. तुम्ही इथे होतात तेव्हा तिथे लॉन्ड्री होती. ती बंद पडल्यावर वस्तीच्या समितीने जागा घेतली, बाहेर ‘मेकरस्पेस’ अशी पाटी लावली (मावशी तिला गॅरेज म्हणतात, आणि आता समितीही चुकून तसंच म्हणते), आत लेझर कटर आणला, दोन थ्री-डी प्रिंटर आणले (एक चालतो, दुसरा त्याला सुटे भाग पुरवतो), आणि तांत्रिक शाळेत आयुष्यभर लेथ शिकवून निवृत्त झालेला मी घरात तुमच्या बहिणीच्या पायात पायात येत होतो, म्हणून तिनेच मला तिथे नेऊन बसवलं. कोपऱ्यात लॉन्ड्रीच्या काळातला सिमेंटचा हौद आहे, तो कुणालाच फोडता आला नाही म्हणून राहिला. मागच्या दाराबाहेर नदीचा उथळ फाटा. वस्तीतली शाळा-कॉलेजातली पोरं शनिवारी येऊ लागली आणि त्यांनी काय केलं, तर किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या. मोठ्या पट्ट्या, छोट्या पट्ट्या, स्वतःचं नाव कोरलेल्या पट्ट्या. वस्तीत तेवढी कुलुपं नाहीत. शेवटी समितीच्या अध्यक्षीणबाईंनी (पेशाने दातांच्या डॉक्टर, त्यामुळे त्या बोलताना समोरचा आपोआप तोंड मिटतो) ठणकावलं की यंत्रं आणलीत ती आपल्या लोकांचं काहीतरी आपल्या पोरांच्या हाती यावं म्हणून, हे असलं तर कुठेही मिळतं.

आता आपल्या लोकांचं म्हणजे तुमचं. तुम्ही मंडळी या नदीची मूळची. मी लग्नानंतर सुटकेस घेऊन आलेला जावई, मला नदी कुठून कुठे वाहते हे कळायलाच एक पावसाळा गेला. मी चौकशी केली तेव्हा प्रत्येकाने एकच सांगितलं: मासे धरायचा वेताचा सापळा, तोच आपला. घरोघरी तो होता खरा, पण कुणाच्या घरी दिव्याची शेड होऊन लटकत होता, कुणाच्या घरी त्यात कांदे होते. ज्या सापळ्यात अजून मासे येत होते असा एकच, तो आमच्या खालच्या खोलीत, मावशींच्या पलंगाखाली. मी जरा चाचरतच त्यांना विचारलं, पोरांना शिकवाल का. मला वाटलं होतं, म्हणतील, माझं काय आता वय आहे का. तसलं काही त्यांच्या स्वभावात नाही. बस चालवण्याच्या काळातलं जाकीट चढवून त्या दुसऱ्याच शनिवारी हजर, आणि पहिलं वाक्य हे की या वस्तीत आपल्यासारखा सापळा कुणी विणत नाही, पूर्वीही फारसं कुणी विणत नव्हतं, तेव्हा नशीब काढलंत. पोरं खूश झाली. माझ्या तासाला जांभया देणारी तीच पोरं.

आता हातापाशी येतो. हा सापळा लांबट असतो, पोटाला फुगीर. पुढे नरसाळ्यासारखं तोंड. मासा त्यातून सहज आत जातो आणि परत फिरला की वेताच्या फोकांची टोकं आडवी येतात. मागे शेपटीकडे एक कडं, त्यातून हात घालून मासा काढायचा. झालं. मी मनात म्हटलं, यात शिकवण्यासारखं आहे काय. मावशींनी ओला फोक आपल्या मुठीभोवती वळवून कडं करून दाखवलं, तेव्हा मी खिशातून कॅलिपर काढला (मी निवृत्त झालो, कॅलिपर झालेला नाही) आणि त्यांच्या मुठीचं आणि कोपरापर्यंतच्या हाताचं माप अगदी केसाच्या जाडीपर्यंत बरोबर घेतलं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकाने. मग एकट्याने बसून मी लेझरवर प्लायवूडची दोन अर्ध्या भागांची, फोकांनी आवळायची कडी आणि पट्ट्या कापल्या, सगळ्या पोरांना पुरतील अशा, सगळ्या तंतोतंत एका मापाच्या. पोरांनी त्यावर भराभर फोक विणले. पहिला नग आणि शेवटचा नग यांत फरक दिसता कामा नये, हे मी जन्मभर शिकवत आलो आणि तो दिसत नव्हता. समिती पाहायला आली तेव्हा मी अभिमानाने एक सापळा उचलला, मासा कसा काढतात ते दाखवायला जोर करून हात घातला, तो कोपराच्या अलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

दादा, तुम्ही या नदीवर वाढलात, तुम्हाला हे सांगायला नको. मला मात्र तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणजे मी विचारलं नव्हतं, कारण एकदा माप घेतलं की मी माणसाला काही विचारत नाही. तुमच्यात सापळा ज्याचा त्याच्या हाताचा. कडं त्याच्या मुठीचं, आणि कड्यापासून पोटापर्यंतची लांबी त्याच्या कोपरापर्यंतच्या हाताची. मोठा हात शिरत नाही, लहान हात पोहोचत नाही. नदीत शंभर सापळे सोडले तरी कुणी कुणाचा मासा काढू शकत नाही, राखण नको, भांडण नको. काय डोकं आहे हो. मी कुलुपांच्या कारखान्यात पोरं नोकरीला लावली, पण मालकाचा हात हीच किल्ली ही अक्कल मला कधी सुचली नाही. आणि अशी वस्तू मी एका छापाची काढून ठेवली होती, तीही एका नाजूक बांध्याच्या बाईच्या मापाची.

पुढचं सांगताना संकोच होतो. मी ओढलं, आणखी अडकलं. अध्यक्षीणबाईंनी सवयीने मला तोंड उघडायला सांगितलं आणि मीही उघडलं. कुणीतरी करवत आणली. मावशींनी ती हातातून काढून घेतली आणि शांतपणे सांगितलं की सापळा कापायचा नसतो, ज्या क्रमाने विणला त्याच्या उलट क्रमाने सोडवायचा असतो, आणि हे शिकायला इतकी चांगली संधी पुन्हा येणार नाही. मग मला टेबलाशी खुर्चीवर बसवलं, हात उशीवर ठेवला, पोरांना भोवती बसवलं, आणि एकेका पोराकडून एकेक फोक सोडवून घेतला. प्रत्येक फोकाला तुमच्या जुन्या बोलीत नाव आहे. ते म्हणायचं आणि मगच सोडायचा. चुकलं की पुन्हा. मुंगीने (वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, म्हणून मुंगी, कामालाही तशीच) पहिल्या झटक्यात बरोबर म्हटलं, तर बाकीच्यांनी चढाओढ लावली. माझ्या हाताला मुंग्या येत होत्या, पण त्या पोरांची तोंडं पाहून मी गप्प बसलो. दुपार सरली तेव्हा हात मोकळा झाला होता, आणि संपूर्ण सापळा कसा रचलेला असतो ते प्रत्येकाला उलटं पाठ झालं होतं. समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतकं कल्पक प्रात्यक्षिक त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं म्हणे. मी वाकून नमस्कार केला, तेव्हापासून तो तिरकाच होतो आहे.

तुम्ही म्हणाल, मग यंत्रं बंद केली असतील. छे. मावशींना लेझर मनापासून आवडला. त्यांचं मत असं की यंत्र गुणी आहे, सांगितलेलं ऐकतं, सांगणाऱ्याकडेच जरा लक्ष ठेवायला हवं. मग त्यांनी जे करून घेतलं ते पाहून मी थक्क झालो. प्रत्येक पोराने स्वतःची मूठ संगणकात घातली (आमच्यातला लांबुडका पोरगा, त्याला सगळे अँटेना म्हणतात, त्याने त्यासाठी जुन्या फोनचा कॅमेरा जोडून दिला), तिच्या मापाचा साचा प्रिंटरने काढला, आणि हौदात भिजवलेले फोक ज्याचे त्याने आपापल्या साच्यावर वळवले. आता टेबलावर पाहावं तर एकासारखं दुसरं नाही. माझ्यातल्या लेथवाल्याला सुरुवातीला गरगरलं, पण आता मला ते पाहायला आवडतं. फाइलींना मी ‘अ-एक’, ‘अ-दोन’ अशी नावं दिली होती, ती मावशींनी पुसायला लावली. जी वस्तू तिचं नाव. त्यामुळे आमचा संगणक आता तुमच्या बोलीने भरला आहे. समितीचा संगणक दुरुस्त करणारा आला होता, तो नावं वाचून म्हणाला की व्हायरस घुसला आहे, सगळं पुसावं लागेल. घुम्या नावाचा एक मुलगा आहे आमच्यात, जो बोलतच नाही. तो उठला आणि संगणकासमोर आडवा उभा राहिला. दुरुस्तीवाला चहा पिऊन गेला.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. मावशींच्या वर्गात कुणी उभं राहायचं नाही. काही विचारायचं तर बसून, काही चुकलं तरी बसून. मला हा बसच्या नियमांतला प्रकार वाटला. तुमच्या बहिणीने सांगितलं तेव्हा कळलं की मावशी शाळेत होत्या त्या काळी ती बोली तोंडून निघाली की बाकावर उभं करत, आणि मावशी बराचसा काळ बाकावरच होत्या. ज्या शब्दांसाठी त्यांनी ते सोसलं तेच शब्द आता पोरं फोक वळवताना सहज बोलून जातात, एकमेकांना चिडवताना वापरतात. मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटतो की काय सांगू. त्यांच्यासमोर मी तो दाखवत नाही, कारण त्या लगेच मान्य करतात.

आता आपल्या तिकिटाकडे. सापळे तयार झाले, फाट्यात उतरवायचा दिवस आला, आणि मला वाटलं, आपली कामगिरी फत्ते. मीच मोठ्या तोंडाने वर्गात जाहीर केलं की मावशींचं शिकवून झालं, आता त्या लेकाकडे राहायला जाणार, तेव्हा सगळ्यांनी त्यांचे आभार मानावेत. (दादा, ही माझी खरी चूक. प्लायवूड काहीच नाही.) पोरं मला सोडून मावशींकडे बघू लागली. तेव्हा मावशींनी त्यांना तुमच्यातली रीत सांगितली: शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला मध्येच सोडून जायचं नसतं. शिकणाऱ्याच्या सापळ्यात पहिला मासा आला की शिकवणारा मोकळा. एकाचा जरी रिकामा असला तरी थांबायचं. मी घाईने म्हटलं, या फाट्यात मासे भरपूर आहेत, आठवड्यात सगळं उरकेल. आणि तुम्हाला तसं कळवलं. पहिलं तिकीट त्या हिशेबाने काढलं गेलं.

आठवडा गेला. एकाही सापळ्यात मासा नाही. पुढचा शनिवार, तोच प्रकार. मी हैराण. सापळ्यांची जागा बदलली, तोंडं प्रवाहाकडे फिरवली, आत आमिष लावलं. अँटेनाला म्हटलं, मासा आत शिरला की कळेल असं काही कर. त्याने प्रत्येक सापळ्यात एक छोटा सेन्सर बसवला आणि कार्यशाळेत घंटी लावली. (ते करताना तो जरा दुःखी दिसत होता. मला वाटलं, परीक्षा जवळ आली असेल.) घंटी दिवसाकाठी कितीदा तरी वाजायची, मी धावत जाऊन बघावं तर सापळा रिकामा. मी घंटी खोलून पाहिली, वायर बदलली, बॅटरी बदलली, त्या पोराला बोललोही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, पण इतकं मुकाट्याने बोलणी खाणारं पोर पाहिलं नव्हतं, आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला एका दुपारी, चहाच्या सुट्टीत. घंटी वाजली. मी या वेळी धावलो नाही, पाय दुखत होते म्हणून खिडकीतूनच पाहिलं. मुंगी फाट्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने तिच्या सापळ्याच्या कड्यातून हात घातला, चकाकणारा मासा बाहेर काढला, त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं, त्याला तुमच्या बोलीत काहीतरी म्हणाली, आणि हात पाण्याखाली नेऊन मूठ उघडली. मी चाट पडलो. मग मला वाटलं, ही एकटीच सगळ्यांचे सापळे रिकामे करते आहे. पण ते शक्य नाही, कारण दुसऱ्याच्या सापळ्यात हात चालत नाही. मी तिथेच खिडकीशी बसलो आणि चहा निवून गेला. अँटेना आला आणि त्याने आपला मासा सोडला. मग घुम्या आला. त्याला घरचे लोक जबरदस्तीने आमच्याकडे पाठवतात, त्याने हा सापळा कसा विणला ते मी पाहिलं आहे, तीनदा उसवून. त्याच्या सापळ्यात सगळ्यात मोठा मासा होता. त्याने तो दोन्ही हातांत धरला, आणि मला वाटलं, हा आता ओरडून सगळ्यांना दाखवणार. त्यानेही सोडून दिला. कुणी कुणाशी ठरवलेलं दिसत नव्हतं. जो तो चोरून येत होता आणि दुसरं कुणी आलं की दगड शोधत असल्यासारखं करत होता.

मी तुमचा माणूस, तेव्हा कर्तव्य म्हणून त्याच संध्याकाळी मावशींना सगळं सांगितलं. त्या पत्ते पिसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘मागच्या सीटवर काय चाललंय ते मला आरशाशिवाय कळतं,’ त्या म्हणाल्या. ‘सोडताना हात पाण्याखाली नेतात, पाहिलंत ना? ते मी नाही शिकवलेलं.’

मी म्हटलं, मग तुम्ही मोकळ्या झालात की, मासे तर आले. त्यावर त्यांनी पत्ते खाली ठेवले आणि मला रीत नीट समजावली. मासा आला असं शिकणाऱ्याने स्वतः येऊन सांगायचं असतं. तो सांगत नाही तोवर आला नाही. दादा, मग त्या जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यात बदल करता येत नाही.

‘पोरांचं राहू दे. माझ्या स्वतःच्या पोराचा सापळा अर्धा विणलेला राहिला. शिकायला गेला तेव्हा त्याला माझ्याच बसमध्ये बसवून मीच बस काढली. त्याचा राग नाही मला. पण त्याच्यापासूनही मी मोकळी नाही झाले कधी.’

इकडे ही पोरं, तिकडे तुम्ही. मी काहीतरी निमित्त काढून उठलो आणि हौदातलं पाणी बदलत बसलो. हे सगळं असं आहे. तुमची काळजी खरी आहे, त्यांची ओढही खरी आहे, त्या रोज तुमच्या लेकीचा फोटो पाहून तिच्या हाताची लांबी अजमावत असतात. यात कुणाचंच चूक नाही, म्हणून मला काय करावं ते सुचत नाही. निर्णय तुमचा. मी आज्ञेत आहे. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद, आणि तुम्हाला तुमच्या बहिणीकडून एक पुसटसा दम, जो मी इथे गाळतो.

आपला नम्र,
गॅरेजमधला जावई

ता. क. आज्ञेत आहे असं वर लिहिलं ते शिष्टाचार म्हणून. खरं म्हणणं असं की आईसाठी तिसरं तिकीट काढू नका. इकडे येणारी तिकिटं काढा, तुमचं आणि लेकीचं. वहिनींची पाठ परवानगी देत असेल तर त्यांचंही. मावशी घसरल्या त्या पायऱ्यांना मी आणि पोरांनी कठडा बसवला आहे (वेल्डिंग माझं, धरायची पकड मावशींच्या हाताच्या मापाची). शनिवारी वर्ग असतो. वयाची अट नाही. बसून शिकवतात.

ता. क. दुसरा. हे वाचून झाल्यावर हा भाग फाडून टाका. माझाही एक सापळा फाट्यात आहे, कारण मावशींच्या लेखी मीही त्यांचा विद्यार्थी, आणि वर्गातला सगळ्यात ढ. परवा माझी घंटी वाजली. चांगला तळहाताएवढा मासा. मी तुमच्या कामगिरीवर आहे, तेव्हा तो घेऊन मावशींकडे जाणं आणि ‘आला’ असं सांगणं माझं काम होतं. निदान माझ्यापुरती तरी तुमची वाट मोकळी झाली असती. मी तसा निघालोही. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून परत फिरलो आणि हात पाण्याखाली नेला. उजवा हात नीट वळत नाही, म्हणून डाव्याने.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात मावशी आल्या आणि त्यांनी पत्र मागून घेतलं. ‘मी वाचत नाही, शेवटी जागा उरली आहे का तेवढं बघते,’ असं म्हणून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मधला भाग दोनदा. माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

बाळा, जावयाने हाताचं लिहिलंय ते कमी लिहिलंय, तो रडत होता. मी बरी आहे. हौदात तुझ्या वाटणीचे फोक भिजत घातलेत. तुझ्या मुठीचं माप माझ्याकडे आहे ते तू घर सोडलंस तेव्हाचं, ते आता चालायचं नाही, आणि मला अंदाजाने करता येत नाही. ये आणि हात दाखव. भिजलेले फोक फार दिवस थांबत नाहीत.